पडद्यावरचं पाणी

मंगळवार, भाद्रपद वद्य नवमी, भांगाचे, म्हणजे मंद भरती-ओहोटीचे दिवस. हजर: खाडीच्या कडेला बाबा, आई, मी आणि माझी मैत्रीण कल्पना. गैरहजर: दादा, त्याची पहिली पाळी होती. बोटीत: माझा काका, झोपलेला.

हजेरी आधी मांडायची ही सवय मला कारखान्याने लावली. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत मी बरीच वर्षं देखभालीचं वेळापत्रक सांभाळते. तिथे काही बिघडलं की पहिला प्रश्न असतो, त्या वेळी जागेवर कोण होतं. त्या सकाळी हा प्रश्न कुणी विचारला नाही, कारण आम्ही सगळे समोरच उभे होतो आणि जे झालं होतं ते उघड दिसत होतं. ओहोटी लागली होती. आमची लाकडी बोट कडेच्या चिखलात जरा कलून बसली होती, आणि तिच्या पोटात इंजिनाच्या डोक्यापर्यंत पाणी भरलं होतं. पाणी उपसायचा पत्र्याचा डबा त्या पाण्यावर तरंगत होता. मागच्या फळ्यांवर, पाण्याच्या हातभर वर, काका आडवा पडला होता. एक हात डोक्याखाली, तोंड उघडं. बाबांनी कडेवरून हाका मारल्या. तो हलला नाही. आईने हातातली पाटी खाली ठेवली, साडी वर खोचली आणि चिखलात उतरली.

पुढचं सांगतेच, पण आधी काकाच्या झोपेबद्दल सांगायला हवं. सगळं तिथून सुरू झालं.

आमच्या घरातले सगळे एका वेळी कधी झोपले असतील असं मला आठवत नाही. आई पहाटेच्याही आधी उठून मासळीची पाटी घेऊन टेम्पोने बोईसरच्या बाजाराला जायची. दादा कधी पहिल्या पाळीला, कधी दुसऱ्या, कधी रात्रपाळीला. कंपनीची बस नाक्यावर यायची आणि हॉर्न देऊन निघून जायची, ज्याने चहा टाकून धाव घेतली तो वाचला. बाबांचं घड्याळ समुद्राच्या हातात होतं. उधाणाच्या दिवसांत बोट जाळी लावायला बाहेर, मग भरती-ओहोटी सांगेल तेव्हा जेवण आणि सांगेल तेव्हा झोप. पुढच्या खोलीतली खाट त्यामुळे कधी थंड व्हायची नाही; एक उठला की त्याच्या उबेत दुसरा आडवा. आम्ही बोलायचो ते कुजबुजत. आई भांडी गोणपाटावर उपडी घालायची, आवाज होऊ नये म्हणून. जवळ्याला फोडणी द्यायची तीसुद्धा झाकण धरून. बाहेर बांबूंना बांधलेल्या दोऱ्यांवर बोंबील सुकत असायचे, कावळे हाकायला मी बसायचे, पण ओरडायची परवानगी नव्हती; काठी आपटायची, तीही मातीवर. मला अजूनही दार जोरात लावता येत नाही. माझे यजमान म्हणतात, तू घरात आलेली कळतच नाही. त्यांना वाटतं हा माझा स्वभाव आहे.

या सगळ्यांत सर्वांत कमी झोपायचा तो काका. बाबांहून धाकटा, लग्न न केलेला, बोलायला तिरकस आणि कामाने वाकलेला. भांगाच्या दिवसांत पाण्याला ओढ नसते, जाळी लागत नाहीत, बोटी खाडीत नांगरून माणसं घरी अंग टाकतात. आमची बोट जुनी होती. फळ्यांच्या फटींत कापूस ठोकून वर राळ भरली तरी ती गळायचीच. पावसाळ्याच्या बंदीत किनाऱ्यावर माडाच्या झापांखाली ठेवलेली बोट नारळी पौर्णिमेला पुन्हा पाण्यात उतरली की पहिले काही आठवडे तर नुसती गाळणी. म्हणून कुणीतरी बोटीत झोपायचं आणि मधेमधे उठून पाणी उपसायचं. ते कुणीतरी म्हणजे काका, हे कधी ठरलं ते कुणालाच सांगता आलं नसतं. बायकोपोरं नाहीत, मग त्याला घरी काय काम, असा काहीतरी हिशेब असावा.

तो सकाळी घरी यायचा तेव्हा त्याचे डोळे लाल असायचे आणि दिवसाच्या उजेडात ते मिटायला तयार नसायचे. मिटायचे ते जेवताना. ताटात तांदळाची भाकरी, भाजलेला सुका बोंबील, कांदा. घास हातात आणि मान छातीवर.

"भावजी, घास तरी गिळा," आई म्हणायची.

"गिळतो गो वयनी. घाई काय हाय, बोंबील काय पळून जातो काय."

डोळे न उघडता. मग आई त्याच्या हाताखालून ताट हळूच सरकवून घ्यायची. मी एकदा त्याला विचारलं होतं, "काका, तू बोटीवर किती वेळा उठतोस रे?"

"उठत नाय गो बाय. उठायला आधी झोपावं लागतं."

मी तेव्हा पालघरला डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होते, इलेक्ट्रॉनिक्स. प्रोजेक्टसाठी दोघींचा गट करायचा होता, आणि माझ्या गटात कल्पना. ती मासवणची, घरची भातशेती, पावसावरची. पालघरला मावशीकडे राहायची. इतर गटांनी रहदारीचे दिवे आणि डिजिटल घड्याळं घेतली. मी म्हटलं, बोटीत पाणी चढलं की वाजणारं काहीतरी करू या, म्हणजे तोवर माणसाला झोपता येईल.

"म्हणजे होडीला पाणी लागलं की ओरडणार," कल्पना म्हणाली. "शेताला पाणी नाही लागलं की ओरडेल असं पण करू. आमचा बापूस रोज आभाळाकडे बघून ओरडतो, त्याला तेवढीच विश्रांती."

सुटे भाग आणून जाळायची आमची ऐपत नव्हती. कॉलेजच्या लॅबमध्ये आमच्या वाट्याला येणारा वेळ तोकडा. तेव्हा एका सीनियरने एक सीडी दिली. तिच्यावर सर्किट पडद्यावर मांडून चालवून बघायचं सॉफ्टवेअर होतं, विद्यार्थ्यांसाठीची फुकट आवृत्ती. मला ते पहिल्यांदा चाललेलं आठवतं. बोईसर स्टेशनपासून चालत जाता येईल असं एक सायबर कॅफे होतं, मालक इम्रानभाई, प्लायवूडच्या खोक्यांत बसवलेले कॉम्प्युटर. मी पडद्यावर एक बॅटरी, एक रेझिस्टर, एक ट्रान्झिस्टर ठेवला, तारा ओढल्या, बटण दाबलं, आणि आलेखाची रेघ कागदावर काढावी तशी सरळ वर चढली. काही जळलं नाही. हाताला वास आला नाही. चूक झाली तर पुसून टाकायची. आमच्या घरात एक चूक म्हणजे फाटलेलं जाळं किंवा आंबलेली पाटी; इथे चुकीला काही लागतच नव्हतं. मी त्या खुर्चीत बराच वेळ नुसती बसून राहिले. मला वाटतं मी त्या खुर्चीत विश्रांती घेत होते.

फुकटच्या वस्तूला काय जमत नाही हे मी आधी बघून ठेवते, आणि त्या सॉफ्टवेअरला बरंच काही जमत नव्हतं. ठरावीक जोडांच्या पुढे सर्किट वाढलं की ते सरळ नकार द्यायचं. भागांचा साठा थोडा. बोईसरच्या दुकानात मिळणारा ट्रान्झिस्टर त्यात नसायचा, मग त्याच्या जवळचा कुठला तरी परदेशी घ्यायचा आणि तोच आहे असं समजायचं. मदतीची पानं अर्धी गायब. शिवाय इम्रानभाईंची मशिनं रोज रात्री आपोआप पुसली जायची.

"दीदी, उसमें सेव मत करो," ते सांगायचे. "सुबह मशीन को कुछ याद नहीं रहता. मुझे भी नहीं रहता, लेकिन मेरा इलाज चल रहा है."

फ्लॉपी होती, पण तिचाही भरवसा नव्हता, त्यामुळे मी दर वेळी तेच सर्किट पहिल्यापासून मांडायचे. पुढेपुढे मला ते न बघता येऊ लागलं, आईला भाकरी थापता येते तसं.

त्या सॉफ्टवेअरमध्ये समुद्र नव्हता. हे विनोदाने म्हणत नाही. आमच्या सर्किटला पाणी लागणार होतं, आणि भागांच्या यादीत पाणी कुठे मिळणार? सरांना विचारलं तर ते म्हणाले, एक कळ, म्हणजे स्विच, ठेवा आणि तिच्याबरोबर एक रेझिस्टर. कळ उघडी, वीज थांबली, म्हणजे कोरडं; कळ मिटली, वीज वाहिली, म्हणजे पाणी. झालं. पितळेच्या दोन पट्ट्या बोटीच्या तळाशी, इंजिनाखालच्या खळग्यात बसवायच्या. खारं पाणी चढून दोन्ही पट्ट्यांना लागलं की त्यातून थोडासा प्रवाह जाईल, ट्रान्झिस्टर चालू होईल आणि भोंगा वाजेल. पडद्यावर मी कळ मिटवली की तो वाजायचा, उघडली की गप्प. भोंगा थांबून थांबून वाजावा म्हणून दुसरा एक टायमरचा भाग जोडायचा होता, आणि तिथे सॉफ्टवेअरने हात वर केले. टायमर दिसायला एकच, पण त्याच्या पोटातले सगळे ट्रान्झिस्टर मोजले जायचे. म्हणून मी सर्किट मधून कापलं. अर्धं एकदा चालवलं, उरलेलं अर्धं नंतर. दोन्ही उत्तम चालली. प्रत्यक्षात जोडली तेव्हा भोंग्यातून मांजर कण्हावं तसा आवाज आला, कारण पुढचा अर्धा भाग मागच्याच्या अंगावर भार टाकत होता, आणि वेगवेगळे चालवताना ते दिसायला काही मार्गच नव्हता. कल्पनाने मधे आणखी एक ट्रान्झिस्टर घातला आणि म्हणाली, "दोन जावांना एकत्र बसवायचं तर मधे सासू लागते."

आता हे सगळं मोबाईलवर चालतं. आमच्या कंपनीत येणारी शिकाऊ मुलं सालवडच्या भाड्याच्या खोलीत बसून ब्राउझरमध्ये सर्किट मांडतात. विजेचे ठिपके तारांतून पळताना दिसतात, बोटाने नॉब फिरवता येतो, जुन्या काळी आमच्याकडे कपाटभर असायची तेवढी उपकरणं पडद्याच्या कडेला फुकट लटकलेली. मर्यादा आहेतच. फुकट खात्यात मोजकीच सर्किटं ठेवता येतात, तीही साऱ्या जगाला दिसतात, नेट गेलं की खेळ बंद. पण या मर्यादा मला खटकत नाहीत, त्या निदान समोर लिहिलेल्या असतात. मला थकवते ती न लिहिलेली. काही न सांगता सोडलं तर त्यातल्या बहुतेकांत तापमान सत्तावीस अंश असतं. प्रत्येक भाग आज सकाळी कारखान्यातून निघालेला असतो. तार म्हणजे तार, तिला गंज नाही, आणि तिला कुणी हात लावत नाही. मुलं मला पडदा दाखवून म्हणतात, "मॅडम, सिम्युलेशनमध्ये तर चालतंय." मी त्यांना आमच्या शेडमध्ये मे महिन्यात दुपारी उभी करते. ती गप्प होतात, पण पटलेलं नसतं. मलाही त्यांच्या वयात पटलं नसतं, म्हणून मी फार बोलत नाही.

नारळी पौर्णिमा झाली, बोटीची पूजा झाली, आणि पहिल्याच भांगात आम्ही भोंगा बसवला. बॅटरी बोटीचीच. बाबा कडेला उभे राहून बघत होते. त्यांना हे पसंत नव्हतं, पण मुलगी शिकतेय तर शिकू दे, इतपत मान्य होतं. काका मात्र माझ्या बाजूला उकिडवा बसून प्रत्येक तारेचं नाव विचारत होता.

पहिले दिवस वाईट गेले. पडद्यावर कोरडं आणि पाणी या दोनच अवस्था होत्या. बोटीत तिसरीच कायम असते, ओल. खाऱ्या हवेने पट्ट्यांमधल्या लाकडावर ओलसर थर बसायचा आणि तेवढ्यावर भोंगा बोंबलायचा.

"काय गो, ह्याला पान्याची भूक हाय का मानसाची?" काका सकाळी येऊन म्हणाला. "पानी मला दोनदा उठवायचं. हा श्वास घेतला तरी उठवतो. वयनी, ह्याचं लगीन लावून टाक, मंग गप बसंल."

आम्ही पट्ट्या प्लास्टिकच्या तुकड्यावर उचलून बसवल्या, अंतर वाढवलं, संवेदनशीलता कमी करायला एक छोटा स्क्रू ठेवला. गणपतीतल्या भांगात तो नीट वाजला. पाणी चढलं की वाजायचा, काका उपसायचा, गप्प व्हायचा. त्या आठवड्यात काका जेवताना झोपला नाही. आईने ते लगेच टिपलं. तिने त्याला दुसरी भाकरी वाढली आणि माझ्याकडे बघितलं. मला आयुष्यात पुढे बक्षिसं मिळाली आहेत, कंपनीची वगैरे. त्या नजरेची सर कशालाच नाही.

एकच अडचण राहिली. दोन पट्ट्यांपैकी एक हिरवी पडून झिजत चालली होती. खाऱ्या पाण्यातून वीज गेली की एका बाजूचा धातू खाल्ला जातो, हे पुस्तकात होतं. पडद्यावरच्या कळीला मात्र कधी काही झालं नव्हतं. मी काकाला म्हटलं, पट्ट्या मधूनमधून पुसत जा, काळजी घे त्यांची. आणि कॉलेजला निघून गेले.

आता त्या नवमीच्या सकाळी परत येते. कल्पना सुट्टीसाठी आदल्या दिवशी आमच्याकडे मुक्कामाला आली होती, तिला भोंगा वाजताना ऐकायचा होता. आई चिखलातून बोटीपर्यंत पोचली, कड धरून वर चढली आणि काकाच्या खांद्याला हात लावला. काकाने डोळे उघडले, तिच्याकडे बघितलं, आणि अगदी सावकाश आळस दिला.

"उजाडलं काय?" तो म्हणाला.

आई तिथेच फळीवर बसली. हसायला लागली की रडायला ते कडेवरून कळत नव्हतं. मग काकाने पाय खाली सोडले आणि ते पाण्यात गेले. तो तसाच राहिला. इंजिनाकडे बघितलं, तरंगणाऱ्या डब्याकडे बघितलं, कडेला उभ्या बाबांकडे बघितलं.

"वाजला नाय रे," तो म्हणाला.

बाबा चिखलात उतरले. आम्ही सगळे मिळून पाणी उपसलं; कल्पनासुद्धा, घोटाभर चिखलात, "आमच्याकडे भातलावणीला हेच करतात, फक्त पाणी आत ठेवतात" असं पुटपुटत. तळ दिसला तेव्हा मी वाकून पट्ट्यांना हात लावला. बोटं घसरली. दोन्ही पट्ट्या घासूनपुसून लख्ख केलेल्या होत्या आणि त्यांच्यावर इंजिनाचं पिवळं ग्रीस जाड थापलेलं होतं, नीट, कडेपर्यंत, एकही जागा न सोडता. पाणी त्यांच्यावरून वर चढलं होतं आणि त्यांना शिवलंही नव्हतं.

"काका, हे ग्रीस?"

"मीच लावलं. काळजी घे बोललीस ना?" त्याला कळेना मी अशी का बघतेय. "पुसून ठेवल्या तशा ठेवू काय? बोटीवर उघडा धातू कोन ठेवतो? दोन दिसांत खाऊन टाकला असता."

यात त्याचं काही चुकलं होतं असं मला तेव्हाही वाटलं नाही. आमच्या गावात जन्मलेल्या कुणीही तेच केलं असतं, बाबांनी, दादाने, विचार न करता मीसुद्धा. खिळा असो, साखळी असो, बिजागरी असो, हाताशी असेल ते तेल, ग्रीस, रंग फासल्याशिवाय आमच्याकडे धातू समुद्राला दाखवत नाहीत. उघड्या राहिल्या तरच उपयोगाच्या अशा पट्ट्या त्या बोटीवर याआधी कधी आल्या नव्हत्या.

"सॉफ्टवेअरात ग्रीस कुठल्या खणात असतं गं?" कल्पनाने हळूच विचारलं. मी बोटाने ग्रीस खरवडत राहिले.

इंजिन उतरवून बोईसरला दुरुस्तीला गेलं आणि पुढचं उधाण आमचं कडेवर बसून गेलं. शेजारच्या बोटी भरून येताना दिसायच्या. आई त्यांचा माल घेऊन बाजारात बसली. बाबा चिडले नाहीत, ते जास्त अवघड होतं. जेवण झाल्यावर हात धुताना एवढंच म्हणाले, "बोट एकच हाय. भाऊबी एकच हाय. तो भोंग्याचा डबा काढून टाक." मी काढला. पुढच्या भांगात काका पुन्हा पहिल्यासारखा राखणीला गेला आणि पुन्हा ताटावर मान टाकू लागला.

काही दिवसांनी मी अंगणात बोंबील उलटत होते तेव्हा तो माझ्याजवळ येऊन बसला. माझ्याकडे त्याने कधी काही मागितलं नव्हतं. आमच्या घरात त्याने कुणाकडेच काही मागितलेलं मला आठवत नाही.

"परत लाव ना गो बाय."

"बाबा नको म्हणतात."

"त्याला झोप येते ना, म्हनून नको बोलतो." मग हाताने माशा हाकत, माझ्याकडे न बघता: "बोट बुडाली ते वायटच झालं. पन त्या राती मी झोपलो गो. पोर होतो तवा झोपायचो तसा. कोनतरी जागं हाय आपल्या बदली, असं वाटलं."

मी दुसरा आराखडा केला. पट्ट्या नकोतच. बंद डबीत चुंबक, ती पाण्यावर तरंगत वर येईल आणि चुंबक प्लास्टिकच्या पलीकडची कळ मिटवेल. समुद्राला दाखवायला धातूच नाही, मग हवं तेवढं ग्रीस लावा. पडद्यावर तो सुरेख चालला, अर्थातच, कारण पडद्यावर ती पूर्वीपासून कळच होती. प्रोजेक्टच्या अहवालात 'मर्यादा' नावाचं पान सक्तीचं असायचं. त्यात कल्पनाने लिहिलं की वापरणारा माणूस काळजी घेणारा असल्यास यंत्रणा बंद पडू शकते. सरांनी ते खोडून 'पट्ट्यांची झीज' असं लिहायला सांगितलं. तोंडी परीक्षा चांगली झाली, गुण चांगले मिळाले, आणि नियमाप्रमाणे प्रोजेक्ट कॉलेजच्या कपाटात जमा झाला. बाबांचा नकार तोवर मवाळ झाला होता, पण मी पुन्हा भाग आणून जोडेन म्हणेपर्यंत नोकरी लागली, मग पाळ्या, मग लग्न. तेव्हा प्रत्येक गोष्ट पुढच्या भांगावर ढकलली जायची, आणि भांग तर दर पंधरवड्याला येतोच.

बाबा गेले. लाकडी बोट मोडीत निघाली. दादाच्या मुलाने आता फायबरची घेतली आहे, ती गळत नाही, आणि तिच्यात पाणी झालंच तर पंप आपोआप चालू होतो. राखणीला कुणी जात नाही. काका गावातल्या घरीच असतो, पुढच्या खोलीतल्या खाटेवर. त्याला आता झोपायला कुणाची हरकत नाही, आणि तो झोपत नाही. वहिनी, म्हणजे दादाची बायको, सांगते, मधेच उठतात, खाटेखाली हात घालून जमीन चाचपतात, कोरडी आहे बघून परत आडवे होतात, पुन्हा उठतात. डॉक्टरांनी गोळी दिली. गोळी घेऊनही उठतात, फक्त धडपडतात जास्त.

मी रविवारी जाते. पूर्वी तो गंमत करतोय असं वाटायचं.

"भोंगा आनलास काय?"

"काका, आता पाणी कुठून येणार? सिमेंटची जमीन आहे."

"पानी नसंल. पन कोनतरी जागं पायजे ना."

संध्याकाळी मी परत निघाले. मी बसमध्ये बसून मोबाईलवर सर्किट मांडलं. खाटेच्या पायाशी लावायची डबी, चुंबक, कळ, आणि उशाशी एक हिरवा दिवा, मी जागा आहे हे सांगणारा, सतत लागलेला. हा दिवा मुख्य. भोंगा वाजायची वेळ कधी येणार नाही, पण दिवा खोटा नको, पाणी आलंच तर भोंगा खरंच वाजला पाहिजे. काकाला खोटं लगेच कळतं. पडद्यावर सगळं चालतं. भाग आणलेत, ते माझ्या टेबलाच्या खणात आहेत, डबीला भोकं पाडून झाली आहेत. काल रविवार होता. कंपनीत मशिनं बंद ठेवून करायचं काम निघालं म्हणून उशीर झाला, आणि मी गावी रिकाम्या हाताने गेले. काकाने या वेळी विचारलं नाही. तो खाटेवर बसून माझ्या पिशवीकडे बघत होता. सोल्डरचे डाग तेवढे द्यायचे राहिलेत.